चाक वाढलं, हिशेब बदलला

माझा आतेभाऊ भोरच्या पलीकडे हिरडस मावळात शेती करतो. त्याच्याकडे टोयोटाची हायलक्स पिकअप आहे. फोर-बाय-फोर, हाताच्या गियरची. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं हौसेनं तिला मोठे, जाड दात्यांचे टायर बसवले. रिम त्याच, स्प्रिंगा त्याच, बाकी गाडी कंपनीतून आली तशीच. गाडी देखणी दिसायला लागली यात वाद नाही. दोन दिवस तिच्याभोवती गावातल्या पोरांचा घोळका होता.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. तक्रारी तीन. पूर्वी सातारा रस्त्यावर काटा १०० वर असला की मोबाईलचा जीपीएस ९६ दाखवायचा. आता काटा १०० वर असताना मोबाईल १०३ म्हणतो. टाकी भरून काढलेलं ॲव्हरेज १२ वरून साडेदहावर आलंय. आणि वरंधा घाट उतरताना ज्या गियरमध्ये गाडी आपसूक आवरायची, त्याच गियरमध्ये आता सारखा ब्रेकवर पाय ठेवावा लागतो. "टायरवाल्यानं काहीतरी घोळ केलाय बघ, दादा," तो म्हणाला.

टायरवाल्यानं काही घोळ केला नव्हता. तिन्ही तक्रारी एकाच गोष्टीतून आल्या होत्या: चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर २७ मिलिमीटरनं वाढलं होतं. करंगळीच्या एका पेराइतकं. एवढ्याशा रबरानं वेगाचा काटा, डिझेलचा हिशेब आणि घाटातली गाडी, तिन्ही कशी बदलतात ते एकेक करून पाहू.

टायरवरची अक्षरं

हायलक्सच्या १७ इंची रिमवर कंपनीचा टायर येतो त्यावर '२६५/६५ आर १७' असं लिहिलेलं असतं. हे वाचता आलं की अर्धं काम झालं, कारण तीन आकडे तीन वेगळ्या भाषांत बोलतात. पहिला मिलिमीटरमध्ये आहे: टायरची रुंदी २६५ मिलिमीटर. दुसरा टक्क्यांत: रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत रबराची जी उभी भिंत दिसते, तिची उंची रुंदीच्या ६५ टक्के. तिसरा इंचात: ज्या रिमवर टायर बसतो तिचा व्यास १७ इंच. मधला 'आर' म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांच्या रचनेचं नाव.

टायर म्हणजे मेदूवडा समजा. मधलं भोक म्हणजे रिम आणि भोवतीचा वडा म्हणजे रबराची भिंत. वड्याची पूर्ण रुंदी हवी तर भोकात वड्याची जाडी दोनदा मिळवायची. २६५ चे ६५ टक्के म्हणजे १७२ मिलिमीटर. त्याची दुप्पट साधारण ३४४. १७ इंच म्हणजे ४३२ मिलिमीटर. बेरीज ७७६ मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंचांच्या आसपास.

याच गाडीचं महागडं रूप १८ इंची रिमवर येतं आणि त्याचा टायर असतो २६५/६० आर १८. तोच हिशेब केला तर उंची येते ७७५. भोक इंचानं वाढलं, भिंत तेवढी बारीक झाली आणि एकूण उंचीत फरक पडला जेमतेम एका मिलिमीटरचा. हा योगायोग नाही. गियर, ब्रेक, वेगाचा काटा हे सगळं चाकाच्या एकूण उंचीवर बेतलेलं असतं, म्हणून कंपनी रिम बदलते पण उंची जपते.

आतेभावानं बसवले २८५/७० आर १७. हिशेब ८३१ मिलिमीटर. बाजारात याला 'तेहतीसचा टायर' म्हणतात. प्रत्यक्षात तो पावणेतेहतीस इंच भरतो, आणि गाडीचं वजन पडून खाली दबला की आणखी थोडा कमी. उंचीत वाढ ५५ मिलिमीटर, म्हणजे ७ टक्के. हा ७ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो जागोजागी भेटणार आहे.

काटा खोटं का बोलतो

गाडीला आपण किती अंतर चाललो हे ठाऊक नसतं. तिला फक्त चाकाच्या फेऱ्या मोजता येतात. जुना टायर एका फेरीत सुमारे २.४४ मीटर रस्ता कापायचा. गाडीच्या संगणकाला तेवढंच शिकवलेलं आहे: इतक्या फेऱ्या म्हणजे इतके मीटर. नवा टायर एका फेरीत २.६१ मीटर कापतो, पण संगणकाला हे कुणी सांगितलेलंच नाही. वडिलांच्या पावलांनी मोजलेलं शेत मुलानं स्वतःच्या पावलांनी मोजून वडिलांच्याच मापात सांगावं, तसा हा प्रकार. मुलगा उंच असेल तर शेत कमीच भरणार.

मग काटा १०० वर असताना जीपीएस १०७ न दाखवता १०३ का दाखवतो? कारण काटा मुळातच थोडा अतिशयोक्ती करणारा असतो, आणि ती त्याला मुद्दाम शिकवलेली असते. वेगमापकांसाठी संयुक्त राष्ट्रांची ३९ क्रमांकाची नियमावली आहे. तिचं मुख्य कलम असं, की काट्यानं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. थोडा जास्त दाखवला तर चालेल. म्हणून कारखान्यातून निघालेल्या बहुतेक गाड्यांचा काटा काही टक्के पुढे असतो. आतेभावाच्या गाडीत १०० वर खरा वेग ९६ होता. त्यात ७ टक्के मिळवा, १०३ येतात. पूर्वी काटा सावधगिरीच्या बाजूनं चुकत होता, आता धोक्याच्या बाजूनं चुकतोय. महामार्गावर कॅमेरे वाढलेत, त्यामुळे या चुकीची पावती घरी येऊ शकते.

आता ॲव्हरेज. किलोमीटर मोजणारा आकडाही त्याच फेऱ्यांवर चालतो. गाडी खरोखर १०७ किलोमीटर गेली तरी तो १०० च मोजतो. म्हणजे लिटरला साडेदहा हा आकडा जुन्या मापाचा आहे. खऱ्या मापानं तो सव्वाअकराच्या जवळ जातो. बारावरून सव्वाअकरा ही घट खरी आहे. जाड दाते रस्त्यावर जास्त विरोध करतात, टायर वजनदार आहे, गाडी वाऱ्यात थोडी उंच उभी आहे. पण त्याला वाटत होती त्याच्या निम्मीच घट खरी. उरलेली निव्वळ मोजणीतली. मोठे टायर घातले आणि गाडी डिझेल प्यायला लागली, असं सांगणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी हा हिशेब केलेला नसतो.

दार आणि बिजागरी

तिसरी तक्रार महत्त्वाची आहे आणि ती कळण्यासाठी घरातलं एखादं दार पुरेसं आहे. कडीपाशी बोट लावून ढकला, दार सहज सरकतं. बिजागरीपासून चार बोटांवर ढकला, घाम निघतो. दार तेच, वजन तेच. जोर फिरण्याच्या मध्यापासून किती लांब लावता त्यावर सगळं ठरतं. यालाच तरफ म्हणतात.

चाकात दोघांची ओढाताण चाललेली असते. इंजिन ॲक्सलमधून, म्हणजे बिजागरीपाशी, जोर लावतं. रस्ता मात्र टायरच्या कडेला, म्हणजे कडीपाशी, हात लावून उभा. टायर मोठा केला म्हणजे दार रुंद केलं. बिजागरीपाशी ढकलणारा होता तिथंच राहिला, पण कडीला धरणारा आणखी लांब गेला. इंजिनाचा जोर तेवढाच असूनही जमिनीवर पोचणारी ओढ ७ टक्के कमी झाली.

दुसऱ्या शब्दांत, टायर मोठा करणं म्हणजे गुपचूप गियर बदलणं. तिसरा गियर निखळ तिसरा राहत नाही, चौथ्याच्या दिशेला थोडा सरकतो. सायकलवर चढ लागला असताना कुणीतरी साखळी जड गियरवर टाकावी, तसं. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर हे जाणवतही नाही. मागं खताची पोती भरून चढावर गाडी मागे घ्यायची असेल, तेव्हा क्लचच्या वासानं कळतं.

घाट उतरताना हेच उलटं होतं. आपण खालच्या गियरमध्ये उतरतो तेव्हा इंजिन चाकाला मागं ओढत असतं, तेही बिजागरीपासूनच. रस्त्याच्या हातात आता लांब कडी, म्हणून इंजिनाची पकड सैल. ब्रेकचंही तेच. ब्रेकची डिस्क आणि ड्रम मोठे झालेले नाहीत; पायाचा जोर तेवढाच असेल तर चाकाच्या कडेला पोचणारा रोध ७ टक्के कमी. रिकाम्या गाडीला थोडं जास्त दाबून भागतं. लांबलचक उतारावर, भरल्या गाडीत मात्र ब्रेक जास्त तापतात. आतेभावाला वाटलं ते बरोबरच होतं; फक्त दोष टायरवाल्याचा नव्हता, भूमितीचा होता. अशा वेळी उपाय एकच, एक गियर आणखी खाली उतरावं.

परदेशात हौशी लोक यावर ॲक्सलमधलं क्राऊन-पिनियन बदलतात. ॲक्सलला एक फेरी मिळायला वरून येणाऱ्या दांड्यानं किती फेऱ्या घ्यायच्या, ते या दातेरी जोडीवर ठरतं. समजा हे प्रमाण ३.९ असेल, तर ७ टक्के मोठ्या टायरसाठी ते ४.१७ च्या आसपास न्यावं लागेल म्हणजे गाडी पुन्हा मूळ स्वभावावर येते. फोर-बाय-फोरमध्ये हे काम पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ॲक्सलला करावं लागतं. खर्च टायरच्या खर्चाला मागं टाकतो. शेतीच्या गाडीला हा उद्योग मी कुणाला सुचवणार नाही.

वजनाबद्दलही खूप बोललं जातं. जाड भिंतीचा मोठा टायर मूळ टायरपेक्षा सात-आठ किलोनं सहज जड असतो. हे वजन चाकाच्या कडेला असतं. गाडीबरोबर ते पुढेही जातं आणि गोलही फिरतं, म्हणून वेग घेताना कडेचा एक किलो जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. चार चाकांचे मिळून साठेक किलो धरा. दोन टनांच्या गाडीला हे म्हणजे एका माणसाचं ओझं. त्यापेक्षा लांबलेली तरफ जास्त छळते. वजनाचा खरा त्रास खड्ड्यांत होतो. चाक वर उडालं की त्याला आवरायचं काम शॉकॲब्सॉर्बरचं, आणि चपलेऐवजी चिखलानं भरलेले गमबूट घालून धावणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते.

बैलगाडीचं चाक एवढं मोठं का

इतके तोटे ऐकून कुणीही विचारेल, मग लोक मोठे टायर घालतातच कशाला? त्याचं उत्तर आपल्या बैलगाडीत आहे. जुन्या बैलगाडीचं चाक माणसाच्या छातीला लागायचं. तुंबा, आरे, वर लोखंडी धाव; सुताराला एवढं मोठं चाक घडवण्याची हौस नव्हती. छोटं चाक दगडाशी आलं की त्याला भिंत भेटते. मोठ्या चाकाला तोच दगड चढणीसारखा भेटतो. चाकाचा मध्य दगडाच्या जितका वर, तितकं चढणं सोपं.

हिशेब केला तर १५० मिलिमीटर उंचीच्या दगडावर टणक चाक ओढून चढवायला मोठ्या टायरला सुमारे ६ टक्के कमी जोर लागतो. म्हणजे ७ टक्के ओढ गमावून ६ टक्के सोय मिळवली. इथं हसू येतं, पण फायदा तेवढाच नाही.

दुसरा आणि खरा फायदा आहे पोटाखालच्या जागेचा. पिकअपच्या मागच्या बाजूला अखंड ॲक्सल असतो आणि त्याच्या मध्यभागी क्राऊन-पिनियनचा फुगीर गोळा. गाडीत सगळ्यात खाली लोंबणारा तोच. बैलवाटेच्या दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा घासतो तो त्यालाच. स्प्रिंगा उंच करून गाडीची बॉडी कितीही वर उचला, ॲक्सल चाकांनाच जोडलेला असल्यानं हा गोळा होता तिथंच राहतो. त्याला वर उचलण्याचा साधा मार्ग एकच: मोठा टायर. तोही उंचीतल्या वाढीच्या निम्माच उचलतो, कारण उरलेलं अर्धं रबर ॲक्सलच्या वर असतं. ५५ मिलिमीटर मोठा टायर, २७ मिलिमीटर वाढलेली जागा. अवघड वाटेवर एवढीही पुरते, पण 'दोन इंच गाडी उचलली' असं सांगणाऱ्याला निम्म्यात समजावं.

दोन पोस्टकार्डांवर उभी गाडी

तिसरा फायदा सगळे सांगतात तो पकडीचा: टायर मोठा, म्हणजे जमिनीला जास्त टेकतो, म्हणजे जास्त पकड. यात एक मजेदार गफलत आहे.

गाडीचं वजन उचलून धरते ती मुख्यतः टायरमधली हवा. दोन टनांची गाडी, चार चाकं, प्रत्येकावर ५०० किलो. हवेचा दाब ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. मग ५०० किलो तोलायला जमिनीला टेकलेला भाग लागतो सुमारे २४० चौरस सेंटिमीटर. आपलं टपालाचं पोस्टकार्ड १४ गुणिले ९, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरचं. थोडक्यात, प्रत्येक चाक दोन पोस्टकार्डांहून थोड्या कमी जागेवर उभं असतं. टायरची भिंतही थोडा भार घेते, त्यामुळे आकडा इकडेतिकडे होईल, पण गंमत अशी की यात टायरच्या आकाराचा उल्लेखच येत नाही. रुंद टायर घातला तर तो तुकडा आडवा पसरतो आणि आखूड होतो. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं.

क्षेत्रफळ वाढवायचं तर हवा कमी करावी लागते. ३० चे १५ पौंड केले की दोन पोस्टकार्डांची चार होतात, ती मुख्यतः लांबीत वाढून. लांबुडका तुकडा म्हणजे जास्त दाते एकाच वेळी जमिनीत रुतलेले. शिवाय मऊ टायर दगडाशी भांडत नाही, त्याच्याभोवती स्वतःला मुडपून घेतो. या सगळ्याला खर्च शून्य. काडेपेटीच्या काडीनं हवा सोडता येते. मोठ्या टायरचा खरा उपयोग इथं पुन्हा येतो: त्याची भिंत उंच असल्यानं हवा कमी केली तरी रिम दगडावर आपटत नाही. मूळ भिंत १७२ मिलिमीटर, नवी २०० च्या घरात.

अर्थात याला मर्यादा आहेत. साध्या रिमवर १५ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. मी स्वतः १८-२० च्या खाली उतरत नाही. आणि डांबरी लागण्यापूर्वी हवा परत भरायचीच. कमी हवेचा टायर वेगात सारखा दुमडून उलगडतो, तापतो आणि फाटतो. म्हणून हवा सोडणाऱ्याकडे बारा व्होल्टचा पंप हवा.

ही युक्ती टोकाला नेली ती आइसलँडच्या लोकांनी. तिथल्या हिमनद्यांवरच्या भुसभुशीत बर्फावर ते प्रचंड टायर दोन-चार पौंड हवेवर चालवतात. गाडी रुतण्याऐवजी तरंगते. तिथल्याच आर्क्टिक ट्रक्स या कंपनीनं तयार केलेल्या, ३८ इंची टायरच्या हायलक्समधून २००७ साली बीबीसीच्या 'टॉप गिअर' कार्यक्रमाची मंडळी चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या १९९६ सालच्या जागेपर्यंत पोचली होती. ती चित्रफीत पाहून आपल्याकडेही पुष्कळांना मोठ्या टायरची बाधा झाली. पण त्या गाड्यांचे फेंडर, चाकांभोवतीची जागा, सस्पेन्शन, सगळं टायरभोवती नव्यानं बेतलेलं होतं. टायर हा त्यातला फक्त दिसणारा भाग.

लाल चिखल, काळी माती

मावळातला चिखल आइसलँडच्या बर्फासारखा नाही. इथं वर चार बोटं लाल राड आणि खाली कडक मुरूम. अशा जागी रुंद टायर वरच्यावर घसरत राहतो. त्यातल्या त्यात अरुंद टायर राड कापून मुरमापर्यंत पोचतो आणि पकडतो. खोल वाळू आणि बर्फात तरंगायचं, उथळ चिखलात बुडायचं. टायर कुठला हे आधी जमिनीला विचारावं.

घाटावरच्या काळ्या मातीची तऱ्हा आणखी वेगळी. ती चपलेला कशी चिकटते ते पावसाळ्यात रानात गेलेल्याला सांगायला नको. दोन पावलांत चप्पल किलोभर होते. टायरचे दाते जवळजवळ असतील तर त्यांच्यातल्या खाचा या मातीनं लिंपून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. चिखलाच्या खास टायरचे दाते म्हणून विरळ आणि खोल असतात: चाक फिरलं की माती झटकली जावी. हाच टायर डांबरीवर भुणभुणतो, आणि ओल्या डांबरावर त्याचं रबर कमी टेकत असल्यानं थांबायला जास्त अंतर घेतो. महिन्यातले २५ दिवस डांबरीवर आणि ५ दिवस रानात जाणाऱ्यानं मधला प्रकार, ज्याला 'ऑल टेरेन' म्हणतात, तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

वळताना कुठं घासतं

मोठा टायर सरळ उभ्या गाडीत छान बसतो. दुकानात फोटोही चांगला येतो. अडचण सुरू होते ती पुढचं चाक पूर्ण वळवून खड्ड्यात उतरल्यावर.

पुन्हा दार आठवा. पुढचं चाक एका उभ्या अक्षाभोवती दारासारखं वळतं, आणि वळताना त्याच्या कडा एक कमान आखतात. टायर रुंद आणि उंच झाला की कमान मोठी. पुढे ती बंपरच्या कोपऱ्याला आणि आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला भिडते, मागे मडफ्लॅपला आणि केबिन चॅसीवर बसवणाऱ्या लोखंडी आधाराला. हौसेनं चाकं बाहेर काढणाऱ्या रिम घातल्या, तर चाक बिजागरीपासून आणखी लांब जातं आणि कमान आणखी वाढते. आत घासू नये म्हणून बाहेर काढलेलं चाक पुढेमागे जास्त घासतं, ते यामुळे.

गाडी उचलली की प्रश्न सुटतो, हाही एक समज. स्प्रिंग उंच केल्यानं चाक एरवी खाली राहतं, पण मोठ्या खड्ड्यात ते दाबलं गेलं की पूर्वीच्याच जागेपर्यंत वर येतं. घासायचं तिथं घासतंच. प्लास्टिकचं अस्तर थोडं कापणं किंवा गरम करून मागं दाबणं चालतं. केबिनचा लोखंडी आधार कापणं मात्र माझ्या लेखी गाडीशी वैर आहे.

दोन बैल, एक जू

फोर-बाय-फोरवाल्यांनी ही गोष्ट कोरून ठेवावी: चारही टायर एका मापाचे हवेत. हायलक्ससारख्या गाडीत फोर-बाय-फोर लावला की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना पक्के बांधले जातात. दोघांनी सारख्याच फेऱ्या घ्यायच्या. मागं मोठे आणि पुढं जुने टायर असतील, तर मागची चाकं दर फेरीला जास्त रस्ता मागतात आणि पुढची देत नाहीत. एका जुवाला ढांगा टाकणारा बैल आणि आखूड पावलाचा बैल जुंपल्यासारखं. चिखलात चाकं घसरून हे भांडण मिटवतात. डांबरी किंवा खडकावर घसरायला जागा नसते, मग पीळ दांड्यांत आणि गियरपेटीत साठत जातो. लिव्हर अडकतो तो यामुळे. आणखी ताणलं तर काहीतरी तुटतं.

स्टेपनीलाही हाच नियम. (हा शब्द १९०४ च्या सुमाराचा. वेल्समधल्या लानेल्ली गावातल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर जादा चाक बनवून विकणाऱ्यांचं दुकान होतं. इंग्रजांच्या देशात तो शब्द केव्हाच मागं पडला, आपल्याकडे गॅरेजच्या पाटीवर टिकून आहे.) चार मोठे टायर आणि पिकअपच्या पोटाखाली टांगलेली स्टेपनी जुन्या मापाची, ही चूक जवळजवळ सगळे करतात. आतेभावानंही केली होती. रानात पंक्चर झालं तर एक आखूड पायाचं चाक लावून फोर-बाय-फोर वापरता येणार नाही, आणि नेमकं तिथंच तो लागतो. मोठी स्टेपनी मूळ जागेत मावते का, हे टायर घ्यायच्या आधी मोजावं.

चौकट: बसवण्यापूर्वी आणि नंतर

मापानंतर येणारा आकडा आणि अक्षर पाहा. '११२ एस' असेल तर त्या टायरला ११२० किलो भार आणि ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग मान्य. नव्या टायरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नको.

आपल्या टायरची खरी फेरी घरी मोजा. टायरवर आणि त्याखाली जमिनीवर खडूची रेघ ओढा, गाडी सरळ ढकलून रेघ पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत न्या, टेपनं अंतर घ्या. गणितापेक्षा थोडं कमी भरेल, कारण भाराखाली टायर दबलेला असतो.

पुढचं एक चाक बांधावर चढवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा, मागे घेतानाही. आवाज ऐका, मग आत हात घालून घासल्याच्या खुणा शोधा.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा.

गाडीच्या पुस्तिकेत कंपनीनं मान्य केलेली मापं असतात. मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. पुस्तिकेबाहेरचं माप घातलं तर आरटीओ आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी प्रश्न येऊ शकतो.

आतेभावाचं काय झालं

दिवाळीच्या सुमारास त्याच्याकडे गेलो तेव्हा ते चार तेहतीस गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे होते, त्यांतल्या एकात कोंबडी रवणावर बसली होती. गाडीवर २६५/७० आर १७ आले होते, ऑल टेरेन, आणि या वेळी पाच. पुस्तिका काढून, आरटीओतल्या ओळखीच्या माणसाला विचारून मग घेतले म्हणाला. मूळ टायरपेक्षा उंची २७ मिलिमीटर जास्त, म्हणजे ८०३. वाढ साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर. पोटाखाली १३ मिलिमीटर जागा मिळाली. वळताना कुठं घासत नाही. सीटमागं हवेचा पंप.

परतताना त्यानं मला सातारा रस्त्यापर्यंत सोडलं. मोकळा पट्टा लागला तसा त्यानं काटा १०० वर नेला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "वाच."

जीपीएसवर ९९ होते.